संगणकाचा पडदा आणि घरांतले डोळे

एकत्र कुटुंबांत कुरबुरीचे विषय पूर्वीं ठरलेले असत: पंखा किती वेगानें फिरावा, खिडकी उघडी असावी कीं बंद, आमटींत गूळ किती पडावा. अलीकडे त्यांत संगणकाच्या पडद्याची भर पडली आहे. सकाळीं आजोबा वर्तमानपत्र वाचावयास बसले कीं त्यांस पडदा अंधुक वाटतो. ते बटण दाबून तेज वाढवितात. दुपारीं सूनबाई कचेरीचें काम उघडतात तों त्यांचे डोळे दिपतात. त्या तें उतरवितात. रात्रीं नातू चित्रपटाकरितां तिसराच थाट करून ठेवितो, आणि दुसरे दिवशीं सकाळीं आजोबांस सर्व जग निळसर दिसूं लागतें. आपण लावलें तें बरोबर, बिघडविलें तें इतरांनीं, अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत असते. आमच्या मतें या तंट्यांत पडद्याचा वांटा थोडा, खोलींतील उजेडाचा त्याहून अधिक, आणि ज्याच्या त्याच्या डोळ्यांचा सर्वांत अधिक असतो. हे तीन वांटे वेगळे केल्यावांचून बटणें दाबण्यांत अर्थ नाहीं. आणि तिसऱ्याकडे दुर्लक्ष झालें तर प्रसंगीं कधीं न भरून येणारी हानि होते.

प्रथम दुकानाची गोष्ट. मॉनिटर विकावयास ठेवितात तेथें लखलखीत दिवे असतात आणि शेजारीं दहापांच दुसरे मॉनिटर झगमगत असतात. गिऱ्हाइकाची नजर ज्याच्यावर आधीं जाते तो विकला जातो. म्हणून पुष्कळ मॉनिटर कारखान्यांतूनच भरपूर तेज देऊन आणि पांढऱ्या रंगांत किंचित् निळी झांक ठेवून पाठविलेले असतात. धोबी कपड्यांस नीळ देतो म्हणजे ते अधिक पांढरे भासतात, त्यांतलाच हा प्रकार. पडद्याचें तेज दर चौरस मीटरास किती कँडेला, या मापानें मोजतात. घरगुती मॉनिटर पुरता चढविला तर सामान्यतः २५० ते ३०० कँडेलापर्यंत जातो. उलटपक्षीं, १९९६ सालीं ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनीं संगणकावरील रंगांचें जें सामाईक प्रमाण सुचविलें, आणि ज्यास १९९९ सालीं आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, त्या ‘एस-आर-जी-बी’ प्रमाणांत पडद्याचें तेज अवघें ८० कँडेला धरलेलें आहे. तें मंद उजेडाच्या खोलीकरितां. आपल्या घरांतील सामान्य उजेडास १०० ते १२० पुरे होतात. दुकानांतून आलेला पडदा आहे तसाच वापरणारीं माणसें गरजेच्या दुपटीहून अधिक तेजाकडे दिवसभर टक लावून बसलेलीं असतात.

हें तेज मोजण्याचें यंत्र घरीं नसतें आणि त्याची जरूरहि नाहीं. मॉनिटर अर्धा तास चालूं ठेवावा. मग पडद्यावर कोरें पांढरें पान उघडावें आणि एक कोरा पांढरा कागद त्याच्या शेजारीं, खोलींतील नेहमींच्या उजेडांत धरावा. कागदापुढें पडदा दिव्यासारखा पेटलेला दिसला तर तेज अधिक आहे. मळकट राखी दिसला तर कमी आहे. दोन्ही जवळजवळ सारखीं दिसेपर्यंत ‘ब्राइटनेस’ हलवावा. पुष्कळ घरांत हा आंकडा शंभरांवरून तीसचाळिसांवर येतो आणि पहिले दोन दिवस सर्वजण ‘पडदा मेला’ म्हणून ओरड करितात. तिसऱ्या दिवशीं ओरड थांबते.

पण कागदाची ही परीक्षा खोलींतला उजेड बदलला कीं बदलते, हें ध्यानांत ठेवावें. खिडकीकडे तोंड करून ठेविलेल्या मॉनिटरांत आपल्याच सदऱ्याचें प्रतिबिंब पाहत बसावें लागतें. खिडकीकडे पाठ असली तर तिच्या उजेडाशीं पडद्याची झोंबी लागते आणि त्यांत बिचाऱ्या डोळ्यांची ओढाताण होते. खिडकी उजव्या किंवा डाव्या हातास येईल असा मॉनिटर ठेवावा. आणि रात्रीं दिवे मालवून काळोखांत पडदा पाहण्याची जी संवय तरुण मंडळींत बोकाळली आहे, ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. मॉनिटरच्या मागील भिंतीवर एखाद्या लहान दिव्याचा उजेड पडूं द्यावा. वीज फारशी खर्चत नाहीं आणि डोळ्यांस विसांवा मिळतो.

आतां बटणांच्या नांवांविषयीं, कारण नांवांनींच पुष्कळ घोंटाळा केला आहे. १८९७ सालीं जर्मनींत फर्डिनांड ब्राउन यांनीं तयार केलेल्या नळीपासून पुढें जे जाडजूड पेटीचे दूरदर्शनसंच आणि मॉनिटर निघाले, त्यांत ‘ब्राइटनेस’ हें बटण वस्तुतः काळा रंग किती काळा असावा हें ठरवीत असे. हल्लींच्या सपाट पडद्यांत बहुधा तें मागील दिव्याची वात कमीअधिक करितें. नांव तेंच, काम मात्र निराळें. ‘कॉन्ट्रास्ट’ चित्रांतील उजळ भागांस ओढतो. तो फार चढविला म्हणजे पांढऱ्या जवळच्या सर्व छटा एकांत एक मिसळतात. याची परीक्षा घरच्या एखाद्या मुंजीच्या छायाचित्रावर करावी: पांढऱ्या धोतराच्या निऱ्या दिसेनाशा झाल्या असतील तर कॉन्ट्रास्ट उतरवावा; निऱ्या दिसतात, परंतु बायकांच्या काळ्या केसांतील पेड एकजीव झाले आहेत, असें असेल तर ‘गामा’ पाहावा. गामा म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या कशा चढत जाव्यात याचा हिशेब, तो २.२ असावा असा सामान्य प्रघात आहे. यापलीकडे कारखान्यानें दिलेल्या कॉन्ट्रास्टास हात लावूं नये हेंच बरें.

‘शार्पनेस’ नांवाचें एक तिसरें बटण आहे आणि देवनागरी वाचणारानें त्याच्याविषयीं सावध असावें. तें चढविलें कीं अक्षरें ठसठशीत झाल्याचा भास होतो. वास्तविक प्रत्येक रेघेभोंवतीं एक पांढरी किनार उमटते. रोमन लिपीस तें खपून जातें. आपल्या अक्षरांवर शिरोरेखा, तिच्यावर मात्रा, मात्रेच्या शेजारीं अनुस्वार, अशी दाटी असते. तेथें किनारी एकमेकींत शिरतात आणि अनुस्वार गिळला जातो. जोडाक्षरांनीं भरलेलें संस्कृत स्तोत्र पडद्यावर उघडावें आणि कोठेंहि किनार दिसणार नाहीं इतपत शार्पनेस उतरवावा.

रंगाच्या बाबतींत ‘कलर टेंपरेचर’ असा शब्द येतो आणि तो ऐकून पुष्कळांस पडदा तापतो कीं काय अशी शंका येते. लोहाराच्या भट्टींतील लोखंड ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस उलगडा लगेच होईल. लोखंड प्रथम लाल होतें, मग पिवळें, मग पांढरें. उष्णता आणखी वाढत गेली तर प्रकाशांत निळी झांक येऊं लागते. त्याच मोजपट्टीवर मेणबत्तीचा उजेड सुमारें १,९०० केल्व्हिन, जुन्या तारेच्या बल्बचा २,७००, आणि ढगाळ दिवसाच्या स्वच्छ उजेडाचा ६,५०० किंवा त्यापुढें मोजतात. गंमत अशी कीं मॉनिटरच्या यादींत तांबूस रंगास ‘वॉर्म’ म्हणजे ऊबदार म्हणतात, वस्तुतः तो कमी तापमानाचा; आणि अधिक तापमानाच्या निळ्यास ‘कूल’ म्हणजे थंड. ६,५०० हा आंकडा असेल तर तो निवडावा. नसेल तर ‘नॉर्मल’ किंवा ‘एस-आर-जी-बी’. कांहीं मॉनिटरांत ‘एस-आर-जी-बी’ निवडतांच ब्राइटनेसचें बटण चालेनासें होतें; तो बिघाड नव्हे, योजनाच तशी असते. अशा वेळीं ‘नॉर्मल’ बरा.

रंग बदलल्याबरोबर निकाल देऊं नये. पिवळ्या दिव्याखालीं धरलेला कागद आपणांस पिवळा दिसत नाहीं, पांढराच दिसतो, कारण डोळा समोरच्या उजेडाशीं जुळवून घेतो. निळसर पडद्यास सरावलेला डोळा योग्य पांढऱ्यास पिवळट ठरवितो. पंधरा मिनिटें तसेंच काम करावें, मग बोलावें. आणि तांबडा, हिरवा, निळा यांचे तीन निरनिराळे आंकडे फिरवून स्वतःच्या डोळ्यांनीं रंग ‘दुरुस्त’ करण्याच्या भरीस पडूं नये. ज्या मापानें मोजावयाचें तें मापच रबराचें आहे.

येथें लग्नघरांतील वाचकभगिनींकरितां दोन शब्द. पडद्यावरचा प्रत्येक रंग तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीनच दिव्यांच्या मिश्रणानें होतो. या युक्तीचें मूळ १८६१ सालीं जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें एका चट्ट्यापट्ट्यांच्या फितीचें रंगीत छायाचित्र पडद्यावर पाडून दाखविलें. प्रत्येक दिव्याच्या २५६ पायऱ्या धरल्या तर १,६७,७७,२१६ रंग होतात. तरीहि त्यांत पैठणी बसत नाहीं. धूपछांव पैठणींत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्याचा. पदर हालला कीं रंग पालटतो. पडद्यास त्यांतला एकच क्षण दाखवितां येतो, आणि तोहि विकणाराच्या दिव्यांतला. तेव्हां मॉनिटर कितीहि नीट लावलेला असो, शालू आणि पैठणी दिवसाच्या उजेडांत, हातांत धरून पाहिल्याशिवाय पैसे मोजूं नयेत. लग्नपत्रिकेचेंहि तसेंच. पडद्यावरील कुंकवाचा रंग हा प्रकाश, कागदावरील ती शाई. छापखान्यांतून एक नमुना छापून आणवावा आणि मग होकार द्यावा. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला तेव्हां एकेका रंगास एकेक दगड लागत असे आणि कुशल कारागीर ते रंग डोळ्यांनीं जुळवीत. आतां दगड गेले. जुळवाजुळव राहिलीच आहे.

हें सर्व झाल्यावरहि आजोबा म्हणतात, “मला अंधुकच दिसतें.” येथें पडद्याचा विषय संपतो आणि डोळ्यांचा सुरू होतो.

वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान राहूं लागते आणि आंतील भिंग पिवळट व गढूळ होत जातें. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या आंतील पडद्यावर विशीच्या माणसाच्या मानानें सुमारें एक-तृतीयांश उजेड पोंचतो असें मानितात. अर्थात् आजोबांची मागणी हट्टाची नसते. आणि नातवास तोच पडदा झगझगीत वाटतो हेंहि खोटें नसतें. दोघेहि खरें बोलत असतात. परंतु भिंगाचा मोतीबिंदु होऊं लागला म्हणजे पडद्याचें तेज वाढविणें हा उपायच उलटा पडतो. पावसाळ्यांत घाटांत धुकें असतां मोटारीचे मोठे दिवे लावले तर रस्ता दिसण्याऐवजीं धुकेंच उजळतें; तसा गढूळ भिंगांत प्रकाश विखुरतो आणि अक्षरांवर पांढरी झालर चढते. म्हणून आजोबा आज ऐंशीवर समाधानी, सहा महिन्यांनीं शंभरावर, आणि पुढें ‘हा मॉनिटरच टाकाऊ’ या निर्णयावर येतात.

आमच्या परिचयाच्या एका घरीं असेंच झालें. गृहस्थ सेवानिवृत्त शिक्षक, वाचनाचे व्यसनी. पडदा पिवळा दिसतो ही त्यांची तक्रार. मुलानें रंग निळसर केला, तेज वाढविलें. कांहीं महिन्यांनीं नवा मॉनिटर आणिला. पहिले आठ दिवस तो बरा वाटला. सुनेच्या ध्यानांत मात्र एक गोष्ट आली होती: मामंजी बटण लावावयास काळ्या दोऱ्याऐवजीं गडद निळा उचलतात आणि जिन्याची शेवटची पायरी चांचपून उतरतात. तिनें एकदां सुचवूनहि पाहिलें, पण संगणकाच्या गोष्टींत सुनेनें बोलावें आणि सासऱ्यांच्या डोळ्यांविषयीं बोलावें, या दोन्ही गोष्टी त्या घरांत जड होत्या. दोन वर्षें बटणांवर गेलीं. अखेर नेत्रवैद्यांनीं तपासलें तेव्हां दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु निघाला. तो शस्त्रक्रियेनें गेला. परंतु त्याच तपासणींत डाव्या डोळ्यांत काचबिंदूहि निघाला, आणि काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. राहिलेली टिकविण्याकरितां ते आतां रोज थेंब घालतात.

अशा घरांकरितां एक साधी परीक्षा सांगतों. पडद्यावर कोरें पांढरें पान उघडावें. एक डोळा तळहातानें, न दाबतां, झांकावा आणि दुसऱ्यानें पाहावें. मग आलटून पालटून करावें. दोन्ही डोळ्यांस पांढरा रंग सारखा दिसतो काय? एकास पिवळा आणि एकास पांढरा, एकास उजळ आणि एकास मळका, असा स्पष्ट फरक दिसला, तर मॉनिटर निर्दोष आहे. एकच पडदा एकाच वेळीं दोन रंगांचा असूं शकत नाहीं. मग बटणास हात न लावतां नेत्रवैद्यांकडे जावें. दोन्ही डोळे सारखेच गढूळ असले तर ही परीक्षा फसते. म्हणून ‘तेज वाढवा’ ही मागणी दर कांहीं महिन्यांनीं पुन्हां येत असेल, तर तेवढ्यावरूनहि जावें. साठीनंतर वर्षांतून एकदां काचबिंदूची तपासणी व्हावी हें तर पडदा असो वा नसो.

फ्रान्सचे चित्रकार क्लोद मोने यांस १९१२ सालीं मोतीबिंदु असल्याचें कळलें. पुढें पुढें रंग ओळखूं येईनासे झाले तेव्हां नळ्यांवरील नांवें वाचून आणि रंगांच्या पाटीवर ठराविक क्रम ठेवून ते चित्रें काढीत. १९२३ सालीं उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि मग त्या डोळ्यास सर्व कांहीं फार निळें दिसतें म्हणून त्यांनीं वैद्यांस हैराण केलें. शेवटीं रंगीत कांचांचा चष्मा घ्यावा लागला. जन्मभर रंगांचीच उपासना केलेल्या माणसाचा हा अनुभव आहे. मोतीबिंदु काढल्यावर आपल्या घरचे आजोबाहि “मॉनिटर निळा कोणी केला?” असें विचारतील. कोणीं केलेला नसतो. थोड्या दिवसांत त्यांचा डोळा सरावतो. तोंपर्यंत कोणीं कांहीं बदलूं नये.

तपासणी होईपर्यंत किंवा वृद्धांच्या नित्य सोयीकरितां तेजापेक्षां अक्षर वाढवावें. कंट्रोलची कळ दाबून अधिक चिन्ह दाबलें कीं वाचावयाचें पान मोठें होतें. आजोबांस एवढें एक शिकविलें तर निम्मे तंटे मिटतात. १९८५ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठाचे गॉर्डन लेग आणि त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं ज्यांच्या डोळ्यांत गढूळपणा आहे त्यांस काळ्यावर पांढरीं अक्षरें अधिक सुलभतेनें वाचतां येतात. तेव्हां त्यांच्याकरितां काळी पार्श्वभूमि करून पाहावी. निरोगी डोळ्यांस दिवसाच्या उजेडांत पांढऱ्यावर काळेंच बरें. चाळिशीच्या चष्म्याचाहि विचार व्हावा. तो हातांतील पुस्तकाच्या अंतराकरितां, सुमारें सव्वा फुटाकरितां केलेला असतो. मॉनिटर दोन फुटांवर असतो. मग वाचणारा हनुवटी वर करून मान मोडून घेतो आणि दोष पडद्यास देतो. नेत्रवैद्यांस हें अंतर मोजून सांगावें.

तरुणांच्या जळजळणाऱ्या डोळ्यांचें कारण बहुधा निराळें असतें. एरवीं माणूस मिनिटास पंधरावीस वेळां पापण्या मिटतो. पडद्यापुढें हें प्रमाण निम्म्याहून खालीं येतें आणि डोळे कोरडे पडतात. निळा प्रकाश अडविणारे म्हणून जे महाग चष्मे विकले जातात, त्यांविषयीं २०२३ सालीं कॉक्रेन संस्थेनें उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेतला. साध्या भिंगांच्या मानानें त्यांनीं डोळ्यांचा शीण बहुधा कमी होत नाहीं असें त्यांत आढळलें. ते पैसे वांचवावे. संध्याकाळनंतर पडदा तांबूस करणारी ‘नाइट लाइट’ची सोय फुकट आहे, ज्यास ती सुखकर वाटेल त्यानें वापरावी, मात्र छायाचित्रें किंवा कापडाचे रंग पाहतांना ती बंद करावी.

क्वचित् असेंहि घडतें कीं तेज उतरविल्यावर एखाद्याचें डोकें दुखूं लागतें. त्याचें सोंग समजूं नये. कांहीं मॉनिटर तेज कमी करण्याकरितां मागील दिवा अतिशय जलद उघडझांप करितात. पांढऱ्या पडद्यापुढें पेन्सिल झपाट्यानें हालवून पाहावी. तिची सलग झांक दिसण्याऐवजीं पंख्याच्या पात्यांसारख्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर तो मॉनिटर या जातीचा आहे. अशा ठिकाणीं मॉनिटरचें तेज वरच ठेवून खोलींतला उजेड वाढविणें श्रेयस्कर.

राहिला तंटा. मॉनिटरच्या अंगावरील बटणांनीं केलेला बदल सर्वांस सामाईक असतो. परंतु संगणकांत प्रत्येकाच्या नांवाचें निराळें खातें उघडलें म्हणजे अक्षरांचा आकार, काळी पार्श्वभूमि, नाइट लाइट हीं ज्याचीं त्याचीं राहतात. सबब कागदाची परीक्षा करून मॉनिटर एकदां खोलीप्रमाणें लावावा, आंकडे एका चिठ्ठीवर लिहून ती मॉनिटरच्या पाठीस चिकटवावी, आणि त्या बटणांस पुन्हां कोणीं हात लावूं नये. पडदा पुसावयास जुन्या मऊ धोतराचा कोरडा तुकडा उत्तम. कांच पुसण्याचें पाणी त्यावर कधींहि फवारूं नये. पडद्यावरील रंग छापयंत्रांतून कागदावर उतरतांना काय होतें, हा विषय पुढील महिन्यांत घेऊं.